सिव्हिकला मागे डिस्क बसवायच्या आहेत: ड्रमवाला व्हॉल्व्ह चालेल का?

प्रश्न

१९९४ ची होंडा सिव्हिक हॅचबॅक, एबीएस नाही, पुढे डिस्क, मागे ड्रम, चाकं १३ इंची. १९९६ च्या इंटेग्राचे (तीही होंडाचीच) मागचे दोन्ही ट्रेलिंग आर्म (मागचं चाक धरणारे दांडे) कॅलिपरसकट (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) मिळालेत, पुढचे नकल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि कॅलिपरही मिळतील. ड्रमचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचं प्रेशर मर्यादित ठेवणारा) तसाच ठेवला तर काय बिघडेल? मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला प्रेशर देणारा) बदलावाच लागतो का? हँडब्रेकच्या जुन्या केबल चालतात का?

उत्तर १

व्हॉल्व्ह बदला. बाकी काही राहिलं तरी एक वेळ चालेल, हे नाही.

ड्रम फिरताना पुढचा शू (ड्रमला आतून दाबणारी पट्टी) स्वतःबरोबर ओढून घेतो आणि तो शू आणखी घट्ट दाबला जातो. म्हणून कमी प्रेशरमध्येही ड्रम चांगला पकडतो. डिस्कच्या पॅडला ही फुकटची मदत नाही. तेवढ्याच पकडीला जास्त प्रेशर लागतं. ड्रमचा व्हॉल्व्ह मात्र मागचं प्रेशर लवकर दाबून धरतो. मग मागच्या डिस्क नुसत्या शोभेच्या. काही आठवड्यांनी चाक काढून बघा: पुढची डिस्क आरशासारखी, मागचीवर गंजाची वर्तुळं. म्हणजे एवढा खटाटोप करून मागचं ब्रेकिंग ड्रमपेक्षाही कमी.

इंटेग्राचा '४०-४०' आकडा असलेला व्हॉल्व्ह घ्या. बॉनेटखाली फायरवॉलजवळ असतो, सहा नळ्या लागतात: मास्टरकडून दोन, चाकांकडे चार. नट सोडायला १० मिमीचा फ्लेअर नट पानाच (नटाला जवळपास सगळीकडून धरणारा) वापरा. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग अख्खी नळी बदलावी लागते.

कोणी हाताने फिरवायचा अॅडजस्टेबल व्हॉल्व्ह सुचवेल. या गाडीत सर्किट तिरपी आहेत, एकात पुढचं एक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक. दोन्ही मागच्या नळ्या एकाच व्हॉल्व्हमध्ये जोडल्या की दोन सर्किटं एक होतात, आणि एक नळी फुटली तर सगळेच ब्रेक जातात. तो नाद नको.

उत्तर २

मास्टरचं गणित सोपं आहे. बाजूला बोअरचा (आतल्या भोकाच्या व्यासाचा) आकडा ओतीव अक्षरांत असतो. ड्रमवाल्या साध्या सिव्हिकला बहुधा १३/१६ इंच. त्याच्यावरही गाडी थांबते, पण मोठ्या कॅलिपरना तेल जास्त लागतं, त्यामुळे पेडल खोल जातं. १५/१६ घातला तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३३ टक्के वाढतं: पेडलचा प्रवास सुमारे पाव कमी, पण तेवढ्याच प्रेशरला पाय एक तृतीयांश जास्त जोराने दाबावा लागतो. म्हणून मोठा मास्टर घ्यायचा तर इंटेग्राचा बूस्टरही (पायाच्या जोराला मदत करणारा) सोबत घ्या. ७/८ हा मधला मार्ग, क्षेत्रफळ १६ टक्के जास्त.

मास्टर आधी बाहेर बेंचवरच त्यातली हवा (एअर) काढून मगच गाडीत बसवा. बूस्टरचा दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात किंचित फट हवीच. दांडा दाबून राहिला तर तेल परतायचं भोक झाकलं जातं. ब्रेक गरम झाले की सुटत नाहीत.

पुढच्या २६२ मिमी डिस्कवर १३ इंची चाकं बसणं कठीण, १४ ची धरून चाला. आणि एक स्पष्ट सांगतो: मागे डिस्क लावून पहिल्याच पॅनिक ब्रेकला गाडी फार आधी थांबेल असं नाही, तिथे टायर ठरवतात. फरक कळतो घाटात सलग उतरताना.

उत्तर ३

केबल डिस्कवाल्याच घ्या, इक्वलायझरसकट (हँडब्रेकची ओढ दोन्ही केबलना सारखी वाटणारा भाग). ड्रमच्या केबलचं टोक कॅलिपरच्या लिव्हरला बसतच नाही.

आर्म बसवताना मोठ्या रबरी बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका. चाकाखाली आधार देऊन सस्पेन्शन गाडीच्या नेहमीच्या उंचीवर आणा, मग टॉर्क द्या. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नंतर मागचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली तो कोन) तपासून घ्या. प्रत्येक बँजो बोल्टला (नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन नवे वॉशर. तेल डॉट ३ किंवा ४; डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही.

प्रश्नकर्ता

व्हॉल्व्ह, ७/८ मास्टर, केबल सगळं बसवलं. तीनदा एअर काढली तरी पेडल मऊ, आणि हँडब्रेक वरपर्यंत ओढावा लागतो.

उत्तर ३

आधी चारही कॅलिपरचे ब्लीडर (हवा काढायचे स्क्रू) बघा. ते कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवेत. खाली असतील तर डावं-उजवं उलटं लागलंय. हवा वर अडकून बसते, कितीही तेल घाला.

ते बरोबर असेल तर मागचे पिस्टन. हे नुसते दाबून आत जात नाहीत, घड्याळाच्या दिशेने फिरवत न्यावे लागतात. पिस्टनच्या तोंडावर खाच असते आणि आतल्या पॅडच्या पाठीवर छोटा खुंट. खुंट खाचेत बसला नाही तर पॅड तिरका राहतो आणि पेडलचा थोडा प्रवास दर वेळी तो सरळ करण्यातच जातो. पॅड एका टोकाला झिजलेला दिसला की समजा हेच आहे.

हँडब्रेकसाठी केबल आवळू नका, उलट इक्वलायझरचा नट पूर्ण सैल करा. दोन्ही कॅलिपरचे लिव्हर आपापल्या स्टॉपला टेकलेत ना ते हाताने बघा. इंजिन चालू ठेवून पेडल बऱ्याच वेळा दाबा, म्हणजे आतला अॅडजस्टर पॅड जवळ आणेल. मग नट आवळा. केबल ताणलेली असताना लिव्हर थोडा उचललेला राहतो, अॅडजस्टर पुढे सरकतच नाही, आणि पेडल आणि हँडब्रेक दोन्ही एकदमच सैल लागतात.