शुगरसाठी अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल: आण्णांना चालू कराव्या का?

हळदवाला, वसमत
नमस्कार मंडळी. आमच्या आण्णांना बऱ्याच वर्षांची शुगर. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. दिवाळीपासून रात्री तळपाय जळायलेत, मुंग्या यायल्यात, पायावर चादर सहन होईना. गावात एकजण व्हिटॅमिन सी, ई आणि कर्क्युमिन घातलेल्या कॅप्सूलचा डबा बावीसशेला विकायलाय. म्हणतो, किडनी, डोळे, नसा सगळ्यावर चालतं, बाकी गोळ्या हळूहळू सुटतील. घ्यावं का? अन् हळद तर आमच्या घरात पोत्यानं पडलीय!

गोदाकाठ, पैठण
आवळ्याचा रस द्या सकाळी. बिनसाखरेचा. आमच्या मायला बरं वाटतं.

मेडिकलवाला, लातूर
भाऊ, आधी एक सांगतो. डॉक्टरांच्या गोळ्या सुटतील म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

त्याच्या बोलण्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. रक्तात साखर वाढली की काही पेशींना ती आत येण्यापासून अडवता येत नाही. डोळ्याचा पडदा, किडनी, नसा यांतल्या पेशी अशाच. तिथं साखर जाळताना सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक घातक रूप, जास्त तयार होतं आणि आतून नासधूस सुरू होते. ब्राउनली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 2001 मध्ये हे नीट मांडलं. मग अँटिऑक्सिडंट, म्हणजे अशी नासधूस रोखणारी, व्हिटॅमिन देऊन ते थोपवू, असं डॉक्टरांनाही वाटलं. करून पाहिलं. होप चाचणीत नऊ हजारांवर लोकांना, त्यात शुगरवाले पुष्कळ, रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. 2000 साली निकाल आला: हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. पुढं 2005 मध्ये दिसलं की ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर उलट जास्त. ब्रिटनमध्ये वीस हजारांवर लोकांना ई, सी आणि बीटा-कॅरोटीन एकत्र दिलं, तिथंही फायदा नाही. साखर चढलेली ठेवून व्हिटॅमिन गिळणं म्हणजे बांध फुटलेला ठेवून वाफ्यातलं पाणी ओंजळीनं उपसणं. साखर आटोक्यात ठेवल्यानं मात्र डोळे-किडनीचा त्रास घटतो, हे 1998 च्या यूकेपीडीएस या ब्रिटनमधल्या शुगरच्या मोठ्या चाचणीत स्पष्ट दिसलं.

एक अपवाद आहे. अल्फा लिपोइक ॲसिड नावाचं अँटिऑक्सिडंट, 600 मिलिग्रॅम. सिडनी-2 चाचणीत पाच आठवड्यांत पायाची जळजळ कमी झाली. नस पुन्हा धड होते असं मात्र सिद्ध नाही. त्यानं साखर खाली येऊ शकते, चालू असलेलं ग्लिमेपिराइडही ती उतरवतं, दोन्ही मिळून फार उतरू नये म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

त्याआधी रक्तातलं व्हिटॅमिन बी-12 तपासा! मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होतं आणि मुंग्या अगदी अशाच येतात. आण्णा माळकरी असतील, अंडी-मटण नसेल, तर आणखीच.

आणि रोज रात्री त्यांचे तळवे बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. परवा एक बाबा मलम मागायला आले. चप्पल काढली तर टाचेत बाभळीचा काटा, भोवती पू. त्यांना पत्ताच नाही. पाय जळतो म्हणजे शाबूत आहे असं नसतं, जळणारा पाय बधिरही असू शकतो.

हळद भाजीत घाला, औषध म्हणून नको. कर्क्युमिन त्यात थोडंच, आणि पोटातून रक्तात फार कमी जातं. अंबाडी, मेथी, करडईची भाजी, जवसाची चटणी हे सगळं चांगलंच. पण भाकरी मोजून. मोसंबीचा रस नको, फोडी खा.

हळदवाला, वसमत
दादा, आण्णा पंचवीस वर्षांचे माळकरी. बी-12 कधीच केलं नाही. डबा घेत नाही. तपासणी उपाशीपोटी करावी लागते का?

मेडिकलवाला, लातूर
बी-12 ला सहसा उपाशी लागत नाही. पण सकाळीच न्या, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए1सी एकाच सुईत होईल.

सिस्टर, परभणी
किडनीसाठी लघवीतला अल्ब्युमिन (प्रथिन) तपासायलाही सांगा आणि डोळ्याचा पडदा बाहुली मोठी करून तपासून घ्या. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, आण्णांना गाडीवर एकटं पाठवू नका.