पीएचडी : विद्यापीठाचं डिपार्टमेंट की तालुक्याच्या कॉलेजचं संशोधन केंद्र? (बॉटनी)

पावसाळी_गवत

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतीये, लिहितीये आज पहिल्यांदाच, लांब होईल तर सांभाळून घ्या. एमएससी बॉटनी झालंय, घर अकोले तालुक्यात (नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नाही, दर वेळी सांगावं लागतं). नेट निघाली पण जेआरएफ हुकली, कॅटेगरी दोन आहे, म्हणजे असिस्टंट प्रोफेसरला आणि पीएचडी ॲडमिशनला चालते पण फेलोशिप नाही. आणि हे मार्क ॲडमिशनला एकच वर्ष धरतात, त्यातले पाच महिने माझे "बघू, विचारू" मधेच गेले.

आता दोन ठिकाणी जमतंय असं दिसतंय. एक पुण्याला विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला. मॅडमचं नाव मोठं, लॅब मोठी, पण काम सगळं टिश्यू कल्चरचं (बाटल्यांमध्ये रोपं वाढवायची) आणि मला त्या बाटल्या धुण्यात खरंच रस नाही. दुसरं घरापासून बसने तासाभरावर एक जुनं सीनियर कॉलेज आहे, त्याच विद्यापीठाला संलग्न, त्याच विद्यापीठाने मान्यता दिलेलं संशोधन केंद्र. तिथले सर टॅक्सॉनॉमीवाले (म्हणजे झाडांच्या जाती ओळखणं, वर्गीकरण), म्हणाले आपल्या घाटमाथ्याच्या पठारांवरची गवतं कर. मला हेच करायचंय, लहानपणापासून त्या पठारांवर हिंडलेय.

पण घरात आणि मैत्रिणींत सगळे म्हणतात कॉलेजातून पीएचडी म्हणजे घरचं लोणचं, चव असली तरी बाजारात भाव नाही. खरंच फरक पडतो का? सर्टिफिकेटवर कॉलेजचं नाव येतं का? नंतर इंटरव्ह्यूला त्रास होतो का? ज्यांनी कॉलेजमधून केलीये त्यांनी प्लीज खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

रानहळद

ताई, मी कॉलेजच्या केंद्रातूनच केली, तीन वर्षं झाली व्हायवा होऊन, त्यामुळे गोड बोलत नाही.

डिग्री विद्यापीठाचीच असते, त्याची काळजी सोड. थेसिस शोधगंगावर (थेसिस ठेवायची ऑनलाईन साईट) चढतो तिथे कोणी उघडून बघितलं तर केंद्राचं नाव दिसतं, पण मी आजवर दिलेल्या मुलाखतींत ते एकाने पण विचारलं नाही, विचारतात ते पेपर किती आणि शिकवण्याचा अनुभव किती. फरक पडतो तो पुढच्या पाच वर्षांच्या रोजच्या दिवसांत.

माझं काम रानहळदीच्या जातींवर होतं. पानं सिलिका जेलमध्ये वाळवून आणायची, डीएनए काढायचा आणि ट्यूबा वजा वीसच्या फ्रीजरमध्ये. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद, ट्रान्सफॉर्मर जळाला, दोन दिवस लाईट नाही. जनरेटर होता हो कॉलेजला, चांगला मोठा, पण त्याची लाईन ऑफिस आणि कॉम्प्युटर लॅबला, आमच्या लॅबला नाही. सुट्टीनंतर दार उघडलं तर ट्यूबा पाण्यात तरंगतायत, पाणी परत गोठून अर्धवट बर्फ झालेलं आणि मार्करने लिहिलेले नंबर पुसलेले. ट्यूबेत काहीतरी आहे पण कुठल्या डोंगरावरचं ते कळायला मार्ग नाही. आणि रानहळद वर येते जूनमध्ये, दिवाळीनंतर पान पण सापडत नाही, कंद जमिनीखाली झोपलेला, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत हात चोळत बसलो. एक वर्ष गेलं. कोणाची चूक म्हणून भांडणार, लॅब अटेंडंट रिटायर झालेले आणि ती जागा भरलेलीच नव्हती.

पण दुसरी बाजू पण सांगतो. माझे गाईड सर माझ्याबरोबर एसटीने फील्डवर आले, एकदा दोनदा नाही, दर पावसाळ्यात. वाटेवरच्या वाडीतल्या आजी सरांना नावाने ओळखायच्या, कुठल्या ओहोळाला कुठली हळद फुलते ते त्याच सांगायच्या. कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये बसून हे मिळालं नसतं.

म्हणून तिथे नाव नोंदवायच्या आधी तीन गोष्टी बघ. सरांची रिटायरमेंटची तारीख (निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेताच येत नाही, पण साडेतीन राहिली असतील तर घेता येतो आणि मग मधेच लटकतेस). विद्यापीठाच्या डिपार्टमेंटमधला कोणी को-गाईड व्हायला तयार आहे का, नियमात बसतं ते आणि मशीनपर्यंत हात पोचायला सोपं जातं. आणि तिसरं, हसू नको, फ्रीजर उघडून बघ.

कट्ट्यावरचा_गण्या

पैशाचं कोणी बोलेना. जेआरएफवाल्याला महिन्याला ३७ हजार आणि तुला शून्य. पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेसचे पैसे भरून शून्यावर पाच वर्षं काढणार? घरी राहून सकाळी सीएचबीचे (तासावर पैसे मिळतात ते) तास घे, दुपारी लॅब. प्रवर्गात बसत असशील तर महाज्योती, बार्टी, सारथी या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांच्या जाहिरातींवर डोळा ठेव. मी एवढंच बघून कॉलेज निवडलं होतं, रिसर्चबिसर्च नंतर.

खडू_डस्टर

मी एका संलग्न कॉलेजात असोसिएट प्रोफेसर आहे, विषय तुझाच. माझ्याकडे आत्ता पाच जण पीएचडीला आहेत, नियमाने सहा घेता येतात (असिस्टंटला चार, प्रोफेसरला आठ). त्यामुळे पलीकडच्या खुर्चीवरून दोन शब्द.

कागदावर मला आठवड्याला १४ तास शिकवायचं असतं, असिस्टंट प्रोफेसरला १६. हे कागदावर. त्याच्यावर प्रॅक्टिकलच्या बॅचा, ॲडमिशन कमिटी, एनएसएसचा कॅम्प, परीक्षा झाल्या की कॅपला (पेपर तपासणी केंद्र) पेपर तपासायला जाणे, आणि नॅकचं (कॉलेजचं मूल्यांकन) वर्ष आलं की चार महिने आम्ही सगळे फायली लावणारे क्लार्क. माझं स्वतःचं संशोधन संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी होतं. माझ्या पोरी म्हणतात सर भेटत नाहीत, तर खरंच भेटत नाही, मी काय खोटं सांगू. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला पण कामं असतात पण बीएस्सीच्या फर्स्ट इयरची ८० पोरं अंगावर नसतात. तेव्हा तुझ्या सरांकडे आत्ता जे विद्यार्थी आहेत त्यांना गाठ, सरांसमोर नको, बाहेर चहाच्या टपरीवर, आणि एकच विचार : सरांनी मागचा ड्राफ्ट किती दिवसांनी परत दिला?

केंद्राची मान्यता आत्ता चालू आहे ना तेही विद्यापीठाच्या यादीत बघून घे. २०२२ च्या यूजीसी नियमांत कॉलेजला पीएचडी चालवायची तर पीएचडी झालेले किमान दोन कायम शिक्षक लागतात, एक जण बदलून गेला की पंचाईत. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुढे री-रजिस्ट्रेशन करून वाढवून मिळते आणि मुलींना आणखी दोन वर्षं जास्त. घाई करून घेऊ नकोस पण कोर्सवर्क पहिल्या वर्षात उरकून टाक.

जर्नल्सचं म्हणशील तर कॉलेजच्या ग्रंथपालांकडून एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीची ऑनलाईन जर्नल्सची सोय) लॉगिन माग, आपल्याकडे निम्म्या पोरांना ते असतं हेच माहीत नसतं. जानेवारी २०२५ पासून सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू केलंय, तीस प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स, पण ते सरकारी संस्थांना आहे, तुझ्या कॉलेजला चालतं का ते विचारून घे, नसेल तर महिन्यातून एकदा विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन पेन ड्राईव्ह भरून आण.

आणि हो, थेसिस जमा करायला पेपर हवाच ही अट आता यूजीसीने काढलीये, पण म्हणून छापू नकोस असं नाही. छापताना मात्र जपून. केअर लिस्ट (यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी) २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली तेव्हापासून "आठ दिवसात छापून देतो, दोन हजार पाठवा" वाल्यांचे व्हॉट्सॲप मेसेज दुप्पट झालेत. त्यांना ब्लॉक कर.

हॉस्टेलची_मांजर

मी विद्यापीठाच्या डिपार्टमेंटमध्ये आहे, चौथं वर्ष. इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका यार. मशीन आहे पण नंबर लावावा लागतो, सेमवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हो, सेमिस्टर नाही) माझा स्लॉट आला तेव्हा ऑपरेटर रजेवर. गाईडचं नाव मोठं म्हणजे गाईड कायम विमानात. माझा पहिला दीड वर्षाचा खरा गाईड म्हणजे आमची सीनियर ताई, ती गेली तेव्हा मी रडले होते.

पण एक गोष्ट कॉलेजात मिळणार नाही ती म्हणजे आजूबाजूची माणसं. मला आकडेवारीचं काही येत नव्हतं, शेजारच्या झूलॉजीच्या मुलाने कॅन्टीनमध्ये टिश्यू पेपरवर समजावलं. कॉलेजच्या केंद्रात तू आणि अजून दोन जण असाल, ते पण पार्ट टाईम, आठवडे आठवडे कोणाशी कामाचं बोलणं होणार नाही. ते एकटेपण मोजून घे.

बाकी गवतंच करायची असतील तर पुणं तुला सुटत नाहीच. बोटॅनिकल सर्व्हेचं वेस्टर्न रिजनल सेंटर पुण्यातच, आघारकर इन्स्टिट्यूटचं हर्बेरियम (वाळवलेल्या झाडांचा संग्रह) पण पुण्यात. शीट (कागदावर चिकटवलेले नमुने) बघायला यावंच लागेल, मग रजिस्ट्रेशन कुठेही असो.

पावसाळी_गवत

बापरे, एवढी उत्तरं. @खडू_डस्टर सर, टपरीचा प्रश्न लिहून घेतला. @रानहळद दादा, फ्रीजरचं वाचून पोटात गोळा आला. @हॉस्टेलची_मांजर, एकटेपणाचं मी धरलंच नव्हतं, घरी असणार म्हणजे माणसांत असणार असंच डोक्यात होतं. गवतांना स्पाईकलेट (फुलोऱ्यातली बारीक कणसं) बघायला चांगला मायक्रोस्कोप आणि कधीतरी सेम एवढंच लागेल असं सर म्हणाले, डीएनए नंतर बघू.

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण "कॉलेजातली पीएचडी म्हणजे घरचं लोणचं" वाचून राहवेना.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पण सुरुवातीची कित्येक वर्षं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर चालायचं, म्हणजे परीक्षा घेणार आणि पदव्या देणार, शिकवणार मात्र कॉलेजं. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची, संशोधन करायची वाट मोकळी झाली आणि तरी मुंबईत समाजशास्त्राचं डिपार्टमेंट उभं राहायला १९१९ साल उजाडलं. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. गंमत बघा, हे गेडिस त्याआधी डंडीला बॉटनीचे प्रोफेसर होते, म्हणजे तुमच्याच जातीचे.

आणि बॉटनी तोवर कुठे चालली होती? कॉलेजात. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांनी १९०६ साली सुरू केलेलं हर्बेरियम आजही तिथेच आहे, लाखाच्या वर शीट्स. पश्चिम भारतातल्या झाडांवर काम करणाऱ्याला तिथे जावंच लागतं. त्याच कॉलेजातले फादर सांतापाव पुढे बोटॅनिकल सर्व्हेचे प्रमुख झाले. आणि ज्या कुकचा फ्लोरा (मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ) तुम्ही सगळे अजून उघडून बसता (१९०१ ते १९०८ मध्ये निघाला) ते थिओडोर कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल, मूळचे इंजिनियर! आता सीओईपी म्हणतो ते कॉलेज.

म्हणजे कॉलेजात संशोधन होत नाही असं नाही. तिथे कोणीतरी वीस-तीस वर्षं एकाच गोष्टीमागे लागलेलं असावं लागतं, आणि त्याने जमवलेलं त्याच्यामागे कोणी फेकून देऊ नये. ताई, त्या कॉलेजात जुनी हर्बेरियम शीट्स आहेत का विचारा.

रानहळद

+१. आमच्याकडची शीट्स नॅकच्या आधी "जुना कचरा" म्हणून निघाली होती, सरांनी रिक्षात घालून घरी नेली.

पावसाळी_गवत

अपडेट. शनिवारी जाऊन आले.

शीट्स आहेत!! लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर, सात गठ्ठे. बऱ्याच कसरीने खाल्ल्यात पण गवतांचा गठ्ठा शाबूत, मर्क्युरिक क्लोराईड मारलेलं म्हणून हात लावू नकोस, ग्लोव्ह्ज घाल म्हणाले सर. एका लेबलवर निळ्या शाईत रतनगड, सप्टेंबर १९८४. तेव्हा सर तिथे नव्हतेच, त्यांच्या आधीच्या कोणा सरांनी पोरांना घेऊन जमवलेलं.

फ्रीजर उघडला. दोन पाण्याच्या बाटल्या आणि ताकाची पिशवी. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जनरेटरच्या लाईनचं ऑफिसात विचारलं तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या म्हणाले, तो सरांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिला, मिळेल तेव्हा खरं. रिटायरमेंटला अजून नऊ वर्षं आहेत. टपरीवर त्यांच्या एका विद्यार्थ्याला गाठलं, तो म्हणाला ड्राफ्ट तीन आठवड्यांनी येतो पण पूर्ण लाल होऊन येतो. को-गाईडसाठी पुण्याच्या डिपार्टमेंटमधल्या एका मॅडमना मेल टाकलाय, उत्तर नाही अजून.

फॉर्म कॉलेजचा भरतीये. रविवारी सरांबरोबर पठारावर चाललोय, आत्ता गवत कोवळं आहे, फुलोरा नाही त्यामुळे ओळखता काही येणार नाही, पण पाणथळ जागा आणि वाटा बघून ठेवू म्हणाले. आणि सप्टेंबरसाठी रद्दी साठव म्हणाले, पावसात प्रेसमधले (झाडं दाबून वाळवायची चौकट) पेपर रोज बदलावे लागतात आणि कॉलेजात वर्तमानपत्र येणं बंद झालंय. आईने काल रद्दीवाल्याला दारातूनच परत पाठवला.