'ऑल्दो'नंतर 'बट' का नको?

प्रश्न: 'ऑल्दो इट रेन्ड, बट वी प्लेड' या इंग्रजी वाक्यात चूक काय? मराठीत 'जरी… तरी' चालतंच ना?

उत्तर १: मराठीत ती जोडीच आहे, इंग्रजीत मात्र एकच सांधा (जोडणारा शब्द) पुरतो. 'ऑल्दो'मुळे पहिलं वाक्य गौण, म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून, झालं. 'बट'ला दोन्ही बाजूंना समान दर्जाची वाक्यं लागतात, ती इथे उरतच नाहीत. दोघांपैकी एक काढा. 'बिकॉज… सो'चंही तेच. मराठीतून शब्दशः उतरवलं की हमखास होणारी चूक ही!

उत्तर २: जोडशब्दांचाच विषय निघालाय म्हणून 'इफ'बद्दलही सांगतो. 'इफ इट रेन्स, वी विल स्टे' इथे स्वल्पविराम हवा. 'वी विल स्टे इफ इट रेन्स' इथे नको. आणि अटीच्या भागात 'विल' घालू नका.

उत्तर ३: तसंच 'अनलेस'मध्ये (म्हणजे 'जर… नाही, तर') नकार आधीच आहे. पुढे 'नॉट' आला की अर्थ उलटतो.