मदत हवी आहे: बडोद्यात छोट्या वर्कशॉपसाठी सीए

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे. राहायला दांडिया बाजारात, आणि मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) भाड्याच्या शेडमध्ये छोटे वर्कशॉप. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग मशीन), सहा कारागीर. पंपाचे शाफ्ट, बुश, फ्लँज असे जॉबवर्क चालते. मशीनकडचे सगळे नवरा बघतो. बिले, बँक आणि पार्ट्यांचे फोन माझ्याकडे. वर्षाची उलाढाल 90 लाखांच्या आसपास. आम्हाला तातडीने सीए हवे आहेत. त्याहून जास्त, सीए पारखून कसे घ्यायचे हे कोणीतरी नीट सांगायला हवे आहे, कारण अकरा वर्षे मला ते कळले नाही.

झाले असे की दुसऱ्या व्हीएमसीसाठी आम्ही पहिल्यांदाच बँकेकडे कर्ज मागितले. बँकेने सीएंच्या सहीचा ताळेबंद मागितला. मी नेहमीच्या ठिकाणाहून कागद करून आणले. टेबलापलीकडच्या बाईंनी शेवटचे पान उलटले, जांभळ्या शिक्क्यावर पेनाचे टोक टेकवले आणि विचारले, "बेन, आमां युडीआयएन क्यां छे?" मला तो शब्दच माहीत नव्हता. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. तो शिक्का मी अकरा वर्षे पाहत आले होते, वाचला त्या दिवशी. नावाखाली "टॅक्स कन्सल्टंट" एवढेच होते.

ते गृहस्थ खोटे कधी बोलले नाहीत, हे आधी सांगते. आम्हीच त्यांना "सीएसाहेब" म्हणत आलो. सासऱ्यांच्या वेळेपासूनची ओळख, घरी येणेजाणे, दिवाळीत चोपडापूजनाला हमखास हजर. पण गेल्या दिवाळीनंतर त्यांचे फोन उचलणे कमी झाले. "कर भरायचे चलन पाठवतो" म्हणायचे, पाठवायचे नाहीत. तब्येतीचे काही असावे असे वाटून मी तगादा लावला नाही.

मग एका पार्टीच्या अकाउंट्समधून फोन आला, तुमची बिले आमच्या टूबीमध्ये (पोर्टलवरच्या आमच्या खरेदीच्या तक्त्यात) दिसतच नाहीत, त्यामुळे जीएसटीची रक्कम रोखून ठेवली आहे. म्हणजे काम झाले, माल गेला, आणि त्यावरचा कर आमच्याच गळ्यात. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही कोणाचाही नंबर टाकून कुठली रिटर्न भरली ते दिसते, हे मला त्या पार्टीच्या अकाउंट्समधल्या मुलीनेच फोनवर सांगितले. मी आमचा नंबर टाकला. जुलै-सप्टेंबरची तिमाही भरलेली. त्यापुढच्या दोन तिमाह्या तक्त्यात नाहीतच. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मी तो तक्ता तीनदा उघडला.

नवीन पासवर्ड मागितला तर ओटीपी जातो आमच्या जुन्या "सीएसाहेबां"च्या मोबाइलवर आणि त्यांच्याच ईमेलवर. रजिस्ट्रेशन करताना त्यांनी आपलेच नंबर टाकले होते आणि तेव्हा ती सोय वाटली होती. आयकराचे खाते मात्र आधारच्या ओटीपीवर उघडले, तेवढा एक दिलासा.

आता माझे प्रश्न. नवीन सीएंकडे जाण्याआधी जीएसटीचे लॉगिन हातात कसे घ्यायचे? समोरचा माणूस खरोखर सीए आहे, हे अपमान न करता कसे तपासायचे? आणि आमच्यासारख्या लहान धंद्याला मनापासून वेळ देणारे कोणी बडोद्यात तुमच्या अनुभवातले आहेत का? मराठी बोलणारे असतील तर सासऱ्यांना बरे पडेल, पण ती अट नाही. अलकापुरी, सयाजीगंज, मांजलपूर, कुठेही चालेल. नावे इथे उघड लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद 1

ताई, घाबरू नका, पण थांबूही नका. तुमच्यासारखे अडकलेले पुष्कळ आहेत आणि यासाठी ठरलेली पद्धत आहे. जीएसटीच्या नोंदणीत अधिकृत सही ज्यांची आहे (प्रोप्रायटरशिप, म्हणजे धंदा एकट्या यजमानांच्या नावावर असेल तर तेच) त्यांनी स्वतः आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्यांकडे जायचे. पॅन, आधार, नोंदणीचे प्रमाणपत्र, शेडचा भाडेकरार न्यायचा आणि मोबाइल-ईमेल बदलायचा अर्ज द्यायचा. खातरजमा झाली की अधिकारी त्यांच्या बाजूने नवे नंबर टाकतात आणि तात्पुरता पासवर्ड नव्या ईमेलवर येतो. तो आल्या आल्या बदला.

घाई एवढ्यासाठी, की रिटर्न इतकी थकली की नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस निघू शकते. उत्तराला कामाचे 7 दिवस मिळतात, आणि ती नोटीस सध्या तुमच्या त्या जुन्या गृहस्थांच्याच ईमेलवर जाईल. लॉगिन मिळाले की सगळ्यात आधी नोटिसांचे पान उघडा. रद्द झालीच तरी आदेश मिळाल्यापासून 90 दिवसांत पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करता येतो.

पैशांचे म्हणाल तर 3बीचा (कर भरायच्या जीएसटी रिटर्नचा) उशीर आकार दिवसाला 50 रुपये, पण उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर एका रिटर्नला 2000 च्या वर जात नाही. व्याज मात्र वर्षाला 18 टक्के, ते रोज चढते.

प्रतिसाद 2

मी मांजलपूरला राहतो, माझेही छोटे युनिट आहे. सीए तपासण्यात अपमान कसला? प्रत्येक सीएचा 6 आकडी सभासद क्रमांक असतो. तो विचारा आणि आयसीएआयच्या (सीएंच्या संस्थेच्या) संकेतस्थळावर पाहा. सभासद असणे वेगळे आणि प्रॅक्टिसचे प्रमाणपत्र असणे वेगळे. नोकरी करणारे सीए तुमच्या ताळेबंदावर सही करू शकत नाहीत, म्हणून तेही विचारून घ्या.

बँकेतल्या बाईंनी विचारला तो युडीआयएन म्हणजे सही केलेल्या कागदाचा स्वतःचा क्रमांक, 18 अक्षरांचा. 2019 मध्ये टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सभासद क्रमांकाचे. आयसीएआयच्या युडीआयएन पोर्टलवर कोणीही तो पडताळून पाहू शकते, बँकवाले तेच करतात.

आणि एक. पहिल्या भेटीत सरळ विचारा, माझे काम रोज कोण बघणार? बहुतेक ऑफिसांत आर्टिकलची (सीए व्हायला शिकणारी) मुले बघतात, त्यात वावगे काही नाही, पण त्या मुलाचा नंबर आणि अडले तर साहेब कधी भेटतील, दोन्ही हातात हवे. फीमध्ये काय काय धरले आहे ते ईमेलवर लिहून मागा. नोटीस आली तर वेगळे पैसे की त्यातच, यावरून पुढे फार वाजते.

प्रतिसाद 3

थोडे वेगळे मत. दर कामाला सीएच लागतो असे नाही. तिमाहीचे जीएसटी रिटर्न चांगला अकाउंटंट किंवा नोंदणी झालेला जीएसटी प्रॅक्टिशनरही भरतो. बँकेला द्यायचे प्रमाणपत्र आणि टॅक्स ऑडिट (आयकरासाठी हिशेबांची तपासणी) याला मात्र सीएचीच सही लागते. तुमची उलाढाल एक कोटीला टेकली आहे, पुढच्या वर्षी ऑडिटचा प्रश्न येईल. रोख व्यवहार 5 टक्क्यांच्या आत असतील तर ती मर्यादा 10 कोटी आहे, म्हणून पार्ट्यांकडून आणि पार्ट्यांना सगळे बँकेतूनच ठेवा. जुन्या गृहस्थांकडून टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप आणि मागची रिटर्न पेनड्राइव्हवर मागून घ्या. भांडून नको, घरी जाऊन.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघे अर्ज देऊन आलो आणि आज दुपारी नव्या ईमेलवर पासवर्ड आला. नोटीस निघाली होती. उत्तराचे अजून 4 दिवस हातात आहेत. कर भरायला पैसे बाजूला ठेवलेले होतेच, कारण चलनच आले नव्हते.

जुन्या गृहस्थांच्या घरीही जाऊन आले. त्यांना खरोखरच बरे नाही. बोलताना मध्येच विसरत होते. त्यांच्या मुलाने बॅकअप दिला, आणि आमच्या नावाची फाइल स्वतःहून काढून दिली. सासऱ्यांच्या हस्ताक्षरातली 2014 ची बिले त्यात अजून होती.

व्यनितून आलेल्या नावांपैकी दोघांचे सभासद क्रमांक पाहिले, दोघेही प्रॅक्टिसमध्ये आहेत. एक उद्या सकाळी 11 ला भेटणार आहेत, नोटिशीची प्रिंट घेऊन या म्हणाले. थकलेली 3बी आधी भरायची की आधी उत्तर द्यायचे, हे तुमच्यापैकी कोणी केले असेल तर आज रात्रीपर्यंत सांगाल का?