मदत हवी आहे : पाळणाघरातली मुले 'ऑक्सिजन लावायचा' खेळ खेळतात आणि मावशींना तो बघवत नाही

नमस्कार. पुण्यात राहत्या घराच्या तळमजल्यावर मी गेली अकरा वर्षे पाळणाघर चालवते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडे अठरा मुले आणि तीन मावशी होत्या. त्यानंतरचा बहुतेक काळ दार बंदच राहिले. आता, ऑक्टोबर २०२१ मध्ये, पालकांना कार्यालयात बोलावणे येऊ लागल्यामुळे आठ मुले आणि दोन मावशी परतल्या आहेत. हात धुणे, ताप मोजणे, खिडक्या उघड्या ठेवणे ही घडी बसली आहे, त्याविषयी मला काही विचारायचे नाही. अडते आहे ते दुसरीकडे.

आमच्या थोरल्या मावशींचे यजमान एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, गेले. 'ताई, घर खायला उठतं, मला कामावर घ्या,' असे त्या जूनपासून म्हणत होत्या, म्हणून पाळणाघर उघडायचे ठरताच पहिला फोन त्यांनाच केला. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात चार वर्षांच्या एका मुलीने बाहुलीला चटईवर निजवले, परकराची नाडी तिच्या नाकाशी धरली, दोरीवरचा कपड्यांचा चिमटा तिच्या हाताला लावला आणि मोठ्याने सांगितले, "ब्याण्णव आलं. गाडी बोलवा." बाकीच्यांनी भोंगा वाजवत बाहुली उचलली, दाराबाहेर नेऊन ठेवली आणि "आता ती येणार नाही" असे म्हणून सगळे डबे उघडून बसले. मावशी हातातली ताटली तशीच ठेवून मोरीत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आता हा खेळ रोज होतो. मी चिमटे उचलून ठेवले, तर मुलांनी रबरबँड शोधून काढला.

याच गटात साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे, त्याचे आजोबा मे महिन्यात वारले. 'आजोबा देवाघरी गेले' असे त्याला घरी सांगितले आहे. तो आला की आधी आमच्या स्वयंपाकघरातल्या देवघराचे दार उघडून आत बघतो. पहिल्या दिवशी मला उलगडाच झाला नाही, आणि झाल्यावर काय बोलावे ते सुचले नाही. शिवाय दीड वर्षाची एक मुलगी आहे, जिने जन्मापासून घरच्या चार माणसांपलीकडे कोणाला पाहिलेले नाही. मास्क लावलेली मावशी जवळ आली की ती श्वास कोंडेपर्यंत रडते.

माझे प्रश्न असे आहेत. मुलांचा तो खेळ थांबवावा की चालू द्यावा? चालू द्यायचा, तर ज्या बाईने तेच सगळे सहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या घरात पाहिले, तिने तिथे बसून राहावे अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू? त्यांना सुट्टी द्यावी, तर त्यांना घर नको आहे. आणि टाळेबंदीत मी तीन महिने अर्धा पगार देऊन पुढे हात आखडता घेतला होता, त्यामुळे आता 'विश्रांती घ्या' म्हटले तर त्यांना ते कामावरून काढल्यासारखेच वाटेल, ही भीती मला आहे.

प्रतिसाद १ (निवृत्त मुख्यसेविका, अंगणवाडी)

ताई, खेळ थांबवू नका. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या सेविका आणि आशाताई तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. बोटाला लावायचा तो चिमटा मुलांनी स्वतःच्या उंबऱ्यात पाहिला आहे आणि त्याच्यावरचा आकडा ऐकून मोठ्यांचे चेहरे कसे उतरतात तेही पाहिले आहे. जे सांगता येत नाही ते मूल खेळून दाखवते. तुम्ही बाजूला बसा आणि कधी तरी सहज विचारा, 'बाहुलीला कसं वाटतंय? तिच्याजवळ कोण थांबलंय?' शेवट मात्र तुम्ही बदलून देऊ नका. तो त्यांचा त्यांनाच सापडू द्या. एखादे मूल आठवडेच्या आठवडे तोच खेळ हसू-बोलू न देता, ताठ होऊन खेळत असेल, जेवण-झोप बिघडली असेल किंवा सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, तर पालकांशी बोलून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

मावशींचे मात्र वेगळे आहे. आमच्या सेविकांना घरोघर पाठवताना त्यांच्या घरी काय चालले आहे हे आम्ही क्वचितच विचारले. ते मला आजही खटकते. तुम्ही निर्णय घेऊन त्यांना सांगू नका, त्यांनाच विचारा. खेळ सुरू झाला की जागा बदलायची मुभा द्या, आणि त्याचा पगाराशी संबंध नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा.

प्रतिसाद २ (समुपदेशक, नाशिक)

'देवाघरी गेले', 'झोपले', 'गावाला गेले' हे शब्द आपण मायेने वापरतो. पण पाच वर्षांखालचे मूल शब्दाला शब्द धरून चालते आणि मृत्यू कायमचा असतो हे त्याला अजून उमगलेले नसते. आईवडिलांशी आधी बोलून घ्या, म्हणजे घरी एक आणि पाळणाघरात दुसरे असे होणार नाही. मग सरळ सांगा : 'आजोबा खूप आजारी होते, त्यांचं शरीर काम करायचं थांबलं, ते मेले. ते परत येणार नाहीत.' तो उद्या पुन्हा विचारील, परवाही विचारील, तेव्हाही हेच उत्तर द्या. त्याच्या हातून काही चुकले म्हणून ते गेले नाहीत, हेही सांगा. आणि देवघराचे दार त्याला उघडू द्या.

मास्कबद्दल : पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जूनमध्येच सांगितले आहे, पण मावशींनी तो लावायलाच हवा. अशा वेळी अंगणात, चांगले अंतर राखून, मास्क उतरवून दोन मिनिटे बोलावे आणि मुलीच्या देखत तो परत चढवावा. मास्कशिवायचा हसरा फोटो मावशींच्या अॅप्रनवर लावला तरी बाळे लवकर ओळखतात.

आणखी एक. कोरोनाने मृत्यू झालेल्याच्या कुटुंबाला ५०,००० रुपये सानुग्रह साहाय्य देण्याच्या सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने याच महिन्याच्या ४ तारखेला मान्यता दिली आहे. चाचणीनंतर ३० दिवसांत मृत्यू झाला असेल, तर तो रुग्णालयाबाहेर झाला तरी धरला जातो. मावशींची कागदपत्रे आत्ताच जुळवून ठेवा.

धागालेखिका

दोघींचे मनापासून आभार. मावशींशी काल दुपारी मुले झोपल्यावर बोलले. पगाराचे आधी सांगितले, मग खेळाचे. बराच वेळ त्या डाळीतले खडे काढत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "खेळू द्या त्यांना. फक्त बाहुली दाराबाहेर ठेवू नका, मुंग्या लागतात." खेळाच्या वेळी त्या स्वयंपाकघर बघतील, दुसऱ्या मावशी मुलांजवळ बसतील, असे ठरले. चाचणीचा अहवाल त्यांच्या यजमानांच्या जुन्या मोबाइलमध्ये आहे. तो फोन चार्ज होतो का ते आज बघते आहे. पुढे पुन्हा पाळणाघर बंद ठेवावे लागले, तर मावशींचा पगार निघावा म्हणून पालकांकडून महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढून घ्यावी असे मनात आहे. कोणी तसे करत असल्यास किती घेता आणि पालकांना कसे सांगितले, ते कृपया लिहावे.