बाळासाठी कार सीट घ्यायची की आजीची मांडीच बरी? घरात रोज वाद चाललाय

रानमोगरा (सातारा):
नमस्कार मंडळी. बाळ साडेपाच महिन्यांचं, वजन सात किलो. सासर शाहूपुरीत आणि माहेर सांगलीला विश्रामबागमध्ये, म्हणजे सातारा-कराड-पेठनाका-सांगली ही वारी ठरलेली. गाडी २०१५ ची साधी हॅचबॅक, मागं आयसोफिक्स (बाळाची सीट अडकवायच्या कड्या) नाही. नवरा म्हणतोय कार सीट घेऊच, सासूबाई म्हणतात माझी मांडी कमी पडली का, लेकराला बांधून न्यायला ते काय वासरू आहे. मी मधे. ऑनलाइन बघायला गेले तर तीन हजारापासून तीस हजारापर्यंत सगळं दिसतंय आणि सगळ्यांवर 'सेफ' लिहिलंय. खरंच लागते का हो, आणि घ्यायची तर बघायचं काय?

पोवईनाका:
वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपण सगळे आईच्या नायतर आजीच्या मांडीवर बसूनच मोठे झालो, कोणाला काय झालं? हे सगळं परदेशी खूळ आहे, तिकडं आजी सोबत नसते म्हणून खुर्ची लागते. शिवाय गाडी कोण चालवतंय ते महत्त्वाचं. मी हायवेला सत्तरच्या वर जात नाही.

कृष्णाकाठ (कराड):
@पोवईनाका ज्यांना झालं ते इथं सांगायला यायचे नाहीत ना भाऊ. आणि आपण मांडीवर होतो तेव्हा गाडी कुठली, एसटीची लाल गाडी होती, ती पण घाटात चाळीसनं. आत्ता सातारा-कराड पट्ट्यात शंभरनं जाणारे कितीतरी.
आता सत्तर राहूदे, पन्नासचाच हिशेब करा. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर आदळून गाडी साधारण अर्ध्या मीटरात थांबली तर आत बसलेल्यावर आपल्या वजनाच्या वीसपट जोर येतो. सात किलोचं बाळ त्या क्षणाला १४० किलोचं. ते हातानं धरून ठेवणारी आजी मला दाखवा, मी पैलवान आणतो तो पण नाही धरू शकत. प्रेमाचा प्रश्नच नाही हो, ताकद पुरत नाही एवढंच.

पोवईनाका:
मग आजीनं बेल्ट लावायचा आणि त्याच बेल्टात बाळाला घ्यायचं. झालं की.

कृष्णाकाठ (कराड):
नको नको, हे तर सगळ्यात वाईट. आजीचं साठ किलो वजन मागून येणार आणि पुढून बेल्ट, बाळ मधे चेपणार. पोटाला बांधायची ती कापडी झोळी असते ना, तिचं पण तेच, ती चालायला आहे, गाडीत अपघात झेलायला नाही.

सर्व्हेयरबुवा (सांगली):
मी विम्याच्या कामानं अपघातातल्या गाड्या बघतो, त्यामुळं जरा लांबड लावतो. इकडं साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला की रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि तो जवळ आल्यावरच दिसतो. तिथं तुम्ही कितीही सावकाश चालवा, ब्रेक दाबायला सेकंद मिळत नाही. 'मी हळू चालवतो' हे निम्मंच उत्तर आहे, उरलेलं निम्मं समोरच्याच्या हातात. आणि मागं बसलं की बेल्ट लागत नाही हा समज पण सोडा, २०२२ च्या सप्टेंबरात पालघरला सायरस मिस्त्री गेले ते मागच्याच सीटवर होते, बेल्ट नव्हता.
अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षा संस्थेचा, एनएचटीएसएचा, आकडा आहे की कारमध्ये सीट वापरली तर एक वर्षाखालच्या बाळांचे मृत्यू ७१ टक्के कमी होतात आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचे ५४ टक्के.

हळद_बाजार:
अमेरिकेचे आकडे अमेरिकेत. माझा मुद्दा वेगळाय. आपल्याकडं निम्मी पोरं बापाच्या गाडीच्या टाकीवर बसून बालवाडीत जात्यात, हेल्मेट नाय काय नाय, आणि इथं चर्चा कशाची तर वीस हजाराच्या खुर्चीची. ज्याच्याकडं कार आहे तोच आधी सुरक्षित आहे. आधी रस्ते नीट करा, ट्रॅक्टरला लाल दिवा लावा, मग आईबापाच्या डोक्यावर बसा. लय झालं की दोष पालकांचा, सरकार नामानिराळं.

तिखटमीठ (मिरज):
@हळद_बाजार रस्त्याचं शंभर टक्के बरोबर. पण रस्ता नीट होईस्तोवर या ताईंचं बाळ दहावीला जाईल, त्यांना माहेरी तर सारखं जायचंय. आणि दुचाकीचा नियम पण आहे बरं का, २०२३ च्या फेब्रुवारीपासून, चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, पाहिजेत, नऊ महिन्यांच्या वरच्याला हेल्मेट आणि वेग चाळीसच्या आत. कोण पाळतं ते सोडा. कारचा पण आहे, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ ब, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये.

हळद_बाजार:
हजाराची पावती सांगलीत कुणाला फाडलेली बघितलीय का? मी नाय बघितली.

तिखटमीठ (मिरज):
मी पण नाही. पावतीला घाबरून घेऊच नका, पावतीसाठी घेतलेली सीट लोक दुसऱ्या महिन्यात माळ्यावर टाकतात.

नादखुळा_११:
आमची नवीन गाडी पाच स्टार आहे भावांनो, सहा एअरबॅग. मांडीवर घेऊन पुढं बसलं तरी काय होत नाय.

सर्व्हेयरबुवा (सांगली):
@नादखुळा_११ हे मात्र मनावर घ्या. गाड्या आदळवून स्टार देणारी आपली चाचणी, भारत एनकॅप, २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, त्यात मुलांचे ४९ गुण वेगळे असतात आणि ते दीड वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन डमी (पुतळे) चाइल्ड सीटमध्ये बांधून देतात. मांडीवर बसवून नाही. म्हणजे तुमच्या गाडीला मुलांसाठी पाच स्टार मिळालेत ते सीट धरूनच मिळालेत, सीट काढली की ते स्टार तुमच्या बाळाला लागू नाहीत. आणि पुढं बसवायचं तर मुळीच नाही. एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीसाठी फुटते, बाळ मधे आलं तर तीच जीव घेते. मागं तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नसते, सन वायझरवर तसं चित्रच असतं बघा, आपण कधी वाचत नाही.

वाईची_आजी:
मी स्वतः आजी आहे म्हणून बोलते. ती खुर्ची माझ्या नातवाला घेतली, पसरणीच्या घाटात पाचगणीपर्यंत नुसता आक्रोश. उलटी केली ती वेगळीच. तुम्ही हिशेब मांडताय किलोचे, पण रडून रडून निळं झालेलं लेकरू बघवत नाही हो. शिवाय तोंड मागं करून बसवतात, पाय दुमडलेले, पुढून आईला चेहरा दिसत नाही. हे बरं आहे का? मांडीवर गप झोपतं.

रानमोगरा (सातारा):
@वाईची_आजी अगदी हेच सासूबाई म्हणतात. आणि मला पण भीती रडण्याचीच आहे, बेल्टची नाही.

कृष्णाकाठ (कराड):
आजी, रडण्याचं खोटं नाही, सुरुवातीला रडतातच. पण तोंड मागं का करतात ते सांगतो. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं असतं, जन्मताना लांबीचा चौथा हिस्सा नुसतं डोकं, आणि मान कच्ची. तोंड पुढं असेल तर धडक बसल्यावर अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं मात्र पुढं फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. तोंड मागं असलं की पाठ, मान, डोकं सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं. पाय दुमडले तर मुलांना काही वाटत नाही, ती घरी पण मांडी घालूनच बसतात की. युरोपातल्या कार सीटच्या आर १२९ नियमात कमीत कमी १५ महिन्यांपर्यंत मागं तोंड सक्तीचं आहे, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये दोन वर्षांची अट पण काढली आणि सीटच्या वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागंच ठेवा म्हटलं. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत ठेवतात.

पोवईनाका:
स्वीडनला पसरणी घाट नाही.

कृष्णाकाठ (कराड):
ते मान्य :)

तिखटमीठ (मिरज):
रडण्यावर आमच्याकडं जे चाललं ते सांगते, प्रत्येकाचं चालेलच असं नाही. सीट आणली ती आधी दोन-चार दिवस घरात हॉलमध्ये जमिनीवर ठेवली, त्यात बसवून खेळणी दिली. मग सांगली-मिरज रोडवर नुसत्या छोट्या चकरा. पोट भरल्या भरल्या लगेच घाटात नाही न्यायचं. आणि आजी मागं शेजारीच बसणार, बाळाला हात लावता येतो, गाणं म्हणता येतं, आजी कुठं बाद होतेय यात? फक्त रडलं म्हणून चालत्या गाडीत पट्टे सोडायचे नाहीत, पाजायचं असेल तर गाडी थांबवायची.

हळद_बाजार:
रात्री दहाला पेठ ते सांगली कुठं थांबवणार, उसाच्या रानात? बोलायला सोपंय.

तिखटमीठ (मिरज):
रानात नका थांबू, पेट्रोल पंपावर थांबा, तिथं उजेड असतो. नायतर दिवसा निघा. तसंही लहान बाळाला सलग दोन तासांच्या वर सीटमध्ये ठेवू नये, मान पुढं पडून श्वास अडकू शकतो, म्हणून सीटचा कल नीट हवा, हनुवटी छातीला टेकता कामा नये. साताऱ्याहून निघालं की कराडला थांबायचंच, पाजायचं, जरा मोकळं करायचं, मग पुढं. आणि घरी पोचल्यावर झोपलंय म्हणून त्याच सीटमध्ये झोपवून ठेवायचं नाही.

नादखुळा_११:
बरं घ्यायची ठरली तर आयसोफिक्सच लागतं ना? मग ताईंच्या गाडीत बसणारच नाही, विषय संपला.

सर्व्हेयरबुवा (सांगली):
नाही संपला. आयसोफिक्स म्हणजे सीटच्या फटीत गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन लोखंडी कड्या, त्यात सीट खटकन बसते, चुकायला वाव कमी, एवढाच फायदा. तीन टोकी बेल्टनं (खांद्यावरून आणि पोटावरून जातो तो) पण सीट तितकीच पक्की लागते, फक्त नीट लावायला लागते. लावून झाल्यावर बेल्ट जिथून जातो तिथं धरून हलवायची, इंचभराच्या वर सरकली तर ढिली आहे.
पण जुन्या छोट्या गाडीत खरी अडचण वेगळीच येते, बेल्टची लांबी. मागं तोंड केलेल्या सीटला बेल्ट भलता वळसा घेऊन जातो, काही गाड्यांत तो पुरतच नाही. आणि मधल्या जागेला बऱ्याच गाड्यांत नुसता पोटाचा बेल्ट असतो, तिथं या सीट बहुतेक लावता येत नाहीत. म्हणून ताई, रंग, रेटिंग, ऑफर सगळं नंतर. गाडी घेऊन दुकानात जायचं, तुमच्याच गाडीत सीट लावून बघायची, मागं तोंड करून. दुकानदार 'सगळ्या गाडीला बसते' म्हणेल, त्याला म्हणायचं बसवून दाखवा.

रानमोगरा (सातारा):
हे कुणीच सांगितलं नव्हतं. आणि ते तीन हजारवालं? गादीसारखं असतं, वर पट्टे लावलेले, सीटवर टाकायचं.

तिखटमीठ (मिरज):
ते कापडी प्रकरण घेऊ नका हो. मोबाइलच्या स्टँडला जेवढा भरवसा तेवढा पण नाही. सीटवर केशरी स्टिकर बघायचं, त्यावर आर ४४/०४ (युरोपातला जुना नियम) किंवा आर १२९ (नवा), शेजारी गोलात ई आणि आकडा. आपल्या इथलं प्रमाण एआयएस ०७२. युरोपात २०२४ च्या सप्टेंबरपासून आर ४४ च्या नव्या सीट विकायला बंद केल्यात, पण इथं त्याच जास्त मिळतात आणि नीट लावली तर मांडीपेक्षा कितीतरी बऱ्या. सात-आठ हजारात लेबलवाली भारतीय कंपनीची मिळते, तीस हजाराची गरज नाही. कन्व्हर्टिबल घेतली तर आत्ता मागं तोंड, पुढं मोठं झाल्यावर पुढं, साधारण १८ किलोपर्यंत चालते. नुसता तान्ह्या बाळाचा कॅरियर घेतला तर १३ किलोला संपतो.

हळद_बाजार:
सात-आठ हजार म्हणजे पण कुणाचा तरी महिन्याचा किराणा आहे. जुनी घेतली तर? पोरं मोठी झाली की लोक निम्म्यात काढतात.

सर्व्हेयरबुवा (सांगली):
ओळखीच्या घरातली, अपघात न झालेली, सगळे पट्टे शाबूत आणि मुदत शिल्लक असेल तर घ्यायला हरकत नाही, स्वस्तात होतंय. मुदत मागं किंवा खाली प्लॅस्टिकवर छापलेली असते. अनोळखी माणसाकडून नाही, कारण अपघातात ताण बसलेलं प्लॅस्टिक वरून चकाचक दिसतं.
हळदभाऊ, पैशाचा तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही, पण सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, मॅगव्हील याला आपल्याकडं पैसे निघतात आणि बाळाच्या सीटला निघत नाहीत हे मी रोज बघतोय.

हळद_बाजार:
मॅगव्हीलवर बोलू नका 😄

वाईची_आजी:
उन्हाळ्यात काय करता? मे महिन्यात ती काळी खुर्ची आणि ते बकल हाताला भाजतं, तर बाळाला किती भाजेल.

तिखटमीठ (मिरज):
बरोबर आहे आजी तुमचं. उन्हात लावली तर वर पांढरा पंचा टाकून ठेवायचा, बसवायच्या आधी बकलला आपला हात लावून बघायचा. फक्त बाळाच्या पाठीमागं जाड गोधडी, दुपटी घालायची नाहीत, थंडीत जाड स्वेटरवर पट्टे बांधायचे नाहीत. पट्टा घट्ट वाटतो पण आत हवा असते. खांद्यावर पट्टा चिमटीत पकडता आला तर तो ढिला. हवं तर वरून शाल घाला.

पोवईनाका:
गावात पण लावायची का हो? राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत? हायवेला ठीक आहे एकवेळ, मी तेवढं मानतो. गावात गाडी वीसच्या वर जात नाही, तिथं दहा मिनिटं पट्टे बांधत बसायचं?

कृष्णाकाठ (कराड):
दहा मिनिटं नाही लागत, सवयीनं अर्धा मिनिट. आणि गावात नाही लावली की हायवेला बाळ बसत नाही, ते एक दिवस मांडी एक दिवस खुर्ची हे त्याला कळत नाही. शिवाय आपल्याकडं न रंगवलेला स्पीड ब्रेकर कुठं येईल सांगता येतं का? नुसत्या जोरात ब्रेकनं पण मांडीवरचं पोर पुढच्या सीटवर आपटतं.

पोवईनाका:
मला नाही पटत, गावात मांडीच. बघू.

रानमोगरा (सातारा):
बरंच कळलं. रविवारी नवरा सांगलीला जातोय, यावेळी मी आणि बाळ घरीच थांबतो, तो एकटाच गाडी घेऊन दुकानात जाऊन सीट लावून बघणार आहे, बेल्ट पुरला तर डाव्या बाजूला मागं, म्हणजे काढघाल फूटपाथच्या बाजूनं. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं एवढंच, मी मधे बाळाला चिकटून बसणार. पण आमच्या मधल्या जागेला पोटाचाच बेल्ट आहे, त्यांना चालेल का?

सर्व्हेयरबुवा (सांगली):
चालण्यापेक्षा उजव्या खिडकीला बसवा, तिथं तीन टोकी आहे. छोट्या गाडीत तिथून पण हात पोचतो. आणि त्यांनी बेल्ट लावायचाच, नाहीतर धडकेत त्याच बाळावर जाऊन आदळतील.

वाईची_आजी:
सासूबाईंना म्हणावं, खिडकीचा वारा पण मिळतो.