स्विफ्टला रुंद टायर आणि अलॉय : १५ इंच की १६? सल्ला हवा आहे

दाभोळखाडी

नमस्कार मंडळी. माझी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, पेट्रोल. लोखंडी रिम, वर व्हील कॅप आणि कंपनीचेच १६५/८० आर १४ टायर. ते आता पार गुळगुळीत झालेत, पावसाळ्याआधी चारही बदलायचेच आहेत. गाडीत बहुतेक वेळा पाच माणसं असतात. आम्ही दोघं, मुलगी आणि आई-बाबा. एरवी पुण्यातल्या पुण्यात, आणि सणावाराला ताम्हिणी-माणगावमार्गे दापोली.

टायरच्या दुकानात १६ इंची अलॉय (मिश्रधातूच्या रिम) आणि त्यावर २०५/५० चा सेट सुचवलाय. 'गाडी रस्त्याला चिकटून पळेल' म्हणतात. दिसतोही देखणा, खोटं कशाला बोलू. पण बाबांना कंबरेचा त्रास आहे, खड्ड्यात गाडी आदळली की ते कळवळतात. पन्नास हजारांच्या आत बसवायचंय. काय घेऊ?

नटबोल्ट

२०५/५० आर १६ घेऊ नका. कारण आकड्यांतच आहे.

१६५/८० म्हणजे टायरची रुंदी १६५ मिमी आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. आर १४ म्हणजे १४ इंची रिम. खड्ड्याचा दणका आधी ही भिंत खाते, मग शॉकअब्सॉर्बर. २०५/५० मध्ये हीच भिंत १०२ मिमीवर येते. तीन सेंटिमीटर रबर आणि हवा कमी झाली, ती थेट बाबांच्या कंबरेच्या हिशोबातून गेली. शिवाय अलॉयची कड खड्ड्याच्या काठाच्या तेवढी जवळ आली. पावसात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते दिसत नाही, आणि तिथेच टायरला फुगा येतो किंवा रिमला चीर जाते.

आता चाकाचा पूर्ण व्यास बघा. तुमचं आत्ताचं चाक साधारण ६२० मिमी, २०५/५० आर १६ चं ६११. सव्वा टक्क्याच्या आसपास लहान. म्हणजे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवणार, गाडी चारेक मिमी खाली बसणार, आणि पाच माणसं असताना गतिरोधकाला पोट घासायची भीती वाढणार.

मारुतीने याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, १८५/६५ आर १५ दिलाय. व्यास ६२१.५ मिमी, म्हणजे फरक जवळपास शून्य. भिंत १२० मिमी. रुंदी मात्र २० मिमीने वाढते आणि वळणावर ती नक्की जाणवते. कंपनीने स्वतः तपासून दिलेला साइझ हाताशी असताना त्याच्या पुढे जायची गरज मला तरी दिसत नाही.

एक्सप्रेसवेवाला

थोडा विरोधी सूर लावतो. मी स्विफ्टवर १९५/५५ आर १६ चालवतो. व्यास ६२१ च्या घरात, स्पीडोमीटरची अडचण नाही, बलेनोच्या वरच्या मॉडेलला हाच साइझ कंपनीतून येतो. शंभरच्या वेगाला लेन बदलताना जो विश्वास वाटतो तो १४ इंचीवर कधीच वाटला नव्हता. १६ इंची म्हटलं की सरसकट वाईट असं नाही.

मात्र मी बहुतेक वेळा एकटा असतो आणि रस्ता मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. गाडी आधीपेक्षा कडक झाली हे खरं आहे, माझी आई मागे बसली की लगेच सांगते. तुमच्यासारखं मागे वडीलधारी माणसं बसवून कोकणात जायचं असतं तर मी १५ वरच थांबलो असतो.

कोल्हापुरी टायर

आमचं घरचं टायरचं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साइझ १८५/६५ आर १५ च धरा. खरी पारख पुढे, अलॉय घेताना. लोक डिझाइन बघतात आणि मागची बाजू उलटून बघतच नाहीत. स्विफ्टला चार नट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी. हे जुळलं म्हणजे झालं असं नाही. रिमचं मधलं भोक, जे गाडीच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) बसतं, ते ५४.१ मिमी लागतं. बाजारातल्या अलॉयचं भोक बऱ्याचदा मोठं असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना खपवायची असते. मग मधे रिंग बसवावी लागते. ती नसेल तर चाक नुसत्या नटांच्या आधारावर मध्यात येतं, आणि पुढे ऐंशी-नव्वदला स्टेअरिंग थरथरतं. गिऱ्हाईक बॅलन्सिंग करकरून दमतं, दोष रिंगेचा असतो.

दुसरं, ऑफसेट, म्हणजे रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती दूर आहे तो आकडा. चाक कमानीबाहेर यावं म्हणून कमी ऑफसेटची रिम गळ्यात मारतात. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर आणि सस्पेंशनवर ताण पडतो, आणि पाच माणसं बसली की मागचा टायर मडगार्डला घासू शकतो. कंपनीच्या रिमवर जो आकडा आहे त्याच्याच जवळपास राहा. रुंदी साडेपाच किंवा सहा इंच पुरे.

रिमच्या आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल, व्हीआयए असे गुणवत्ता तपासणीचे शिक्के आणि भार पेलण्याचा आकडा कोरलेला असतो, तो वाचा. काहीच कोरलेलं नसेल तर कितीही स्वस्त असू दे, हात लावू नका. आणि अलॉय म्हणजे हलकी, हेही गृहीत धरू नका. स्वस्त ओतीव अलॉय लोखंडी रिमइतकी जड निघू शकते, दुकानात काटा असेल तर वजन करून घ्या. झेडएक्सआयची कंपनीची रिम मिळाली तर सगळ्यात उत्तम. हौसेने १६ इंची घालणारे लोक तो सेट काढून विकतात. वापरलेली घेतलीत तर मशीनवर फिरवून बघा, आणि वेल्डिंग केलेली अजिबात नको.

टायरवर डॉट लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. वर्षाहून जुना माल असेल तर दुसरा मागा, संकोच करू नका. भार निर्देशांक ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. स्विफ्टला पुरून उरतो, पण त्याच्या खाली उतरू नका.

दाभोळखाडी

सगळ्यांचे मनापासून आभार, १६ चं डोक्यातून काढलं. आता एकच विचार. अलॉय घ्यायचेच नाहीत आणि आहे त्याच लोखंडी रिमवर रुंद टायर घातले तर? १८५/७० आर १४ चालेल असं एका मित्राने सांगितलंय.

नटबोल्ट

चालेल, आणि तुमचं ऐकून मला तोच पर्याय जास्त पटतो. व्यास ६१४.६ मिमी, पाऊण टक्क्याच्या आसपास कमी. भिंत जवळपास १३० मिमी, म्हणजे गादी जशीच्या तशी. तुमची पाच इंची रिम या टायरला मान्य असलेल्या रुंदीत बसते. लोखंडी रिम वाकली तर माणगावातसुद्धा कोणीतरी ठोकून सरळ करून देईल. अलॉयला चीर गेली तर ती रिम बदलावीच लागते.

फक्त हा साइझ मारुतीने तुमच्या पिढीच्या स्विफ्टच्या कोणत्याच मॉडेलला दिलेला नाही. त्यामुळे घालण्याआधी विमा कंपनीला मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. १८५/६५ आर १५ ला हा प्रश्न येण्याचं कारण नाही.

घाटवाट

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड, हा समज घेऊन घाटात उतरू नका. साचलेल्या पाण्यात अरुंद टायर पाणी कापत जातो, रुंद टायर त्यावर लवकर तरंगायला लागतो. ओल्या रस्त्यावर खरा आधार रबराच्या जातीचा आणि खाचांच्या खोलीचा. कायद्याने १.६ मिमीपर्यंत खाच चालते, पण ताम्हिणीच्या पावसात मी तेवढी वाट बघत नाही, ३ मिमीला टायर बदलते.

म्हणून अलॉयचे पैसे वाचले तर ते रबरात घाला. मिशलिन किंवा योकोहामाचे आरामाकडे झुकणारे टायर बघा, आवाज कमी आणि मऊ. अपोलो अमेझर दीर्घकाळ टिकतो, पण मला तो जरा कडक वाटला. आणि हवा दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीप्रमाणे, गार टायरमध्ये भरायची. पाच माणसं आणि सामान असेल तेव्हाचा आकडा वेगळा दिलेला असतो.

दाभोळखाडी

ठरलं. १८५/६५ आर १५ कंपनीच्या वापरलेल्या अलॉयवर मिळाले तर ते, नाहीतर लोखंडी रिमवरच १८५/७० आर १४. टायर मिशलिन. स्टेपनी १४ चीच ठेवली तर चालेल ना?

कोल्हापुरी टायर

चालेल. १५ घातलेत तर व्यासातला फरक दोनच मिमी आहे, पंक्चर काढेपर्यंत आरामात जाल. फक्त स्टेपनीवर असताना वेग कमी ठेवा. अलॉयचे नट वेगळे आले तर लोखंडी रिमचे जुने चार नट व्हीलपान्याबरोबर डिकीत ठेवा, कारण दोन्हींची बैठक (नट रिमला जिथे टेकतो तो आकार) सारखी असेलच असं नाही. आणि नवीन रिम बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी सगळे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्या.